मुलांनीं मुलांसाठीं बांधलेली शाळा

कोंकणांत किंवा सातारा जिल्ह्यांत ज्यांचें जाणेंयेणें आहे अशा वाचकांच्या पाहण्यांत एक गोष्ट कधीं तरी आली असेल. गांवच्या शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतींत एक लहानशी शिळा बसविलेली असते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धांत या गांवांतून इतके पुरुष गेले आणि त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर कोरलेला असतो. नांव एकाचेंही नसतें. केवळ दोन आंकडे. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गांवानें त्या युद्धांत ४६ माणसें गमावलीं, आणि आज तें गांव 'मिलिटरी आपशिंगे' म्हणूनच ओळखलें जातें. पण इतर अनेक ठिकाणीं शिळा आहे आणि आठवण नाहीं, अशीच स्थिति आहे. मुलें दप्तरें घेऊन तिच्याखालून रोज जातात, आणि ती कोणाची व कशासाठीं हें त्यांस बहुधा कोणी सांगत नाहीं.

मग मेलेल्यांची आठवण रहावी तरी कशानें? पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडांत, ऑस्ट्रेलियांत व इतरत्रही हा वाद हिरीरीनें लढला गेला. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, स्मारक हें निव्वळ स्मारकच असावें; त्याचा दुसरा कांहीं उपयोग होऊं लागला कीं त्याचें पावित्र्य गेलें. दुसरा पक्ष म्हणे कीं, दगडाच्या खांबावर पैसा घालण्यापेक्षां दवाखाना बांधा, वाचनालय बांधा, शाळा बांधा. जे गेले त्यांच्या नांवानें जे राहिले त्यांचें भलें होऊं द्या. पहिल्या पक्षाची शंका अगदींच खोटी नव्हती. लोक इमारत वापरूं लागले कीं ती कोणाच्या नांवाची हें विसरूं लागतात. आमच्याकडील धर्मशाळेंत उतरणाऱ्या किती जणांस ती बांधणाऱ्याचें नांव ठाऊक असतें? या शंकेला मिळालेलें एक उत्तर उत्तर फ्रान्समधील एका लहानशा गांवांत जवळजवळ शंभर वर्षें उभें आहे, आणि तेथें रोज शाळा भरते. त्या शाळेचीच हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

गांवाचें नांव व्हिलेर-ब्रेतोनो. सोम नदीच्या दक्षिणेस एका उघड्या पठारावर तें वसलें आहे; आमियें हें मोठें शहर तेथून पश्चिमेस सुमारें दहा मैलांवर. युद्धापूर्वीं येथें मोजे व विणलेले कपडे तयार करण्याचे कारखाने होते आणि भोंवतीं शेतें होतीं. या गांवाचें नांव जगास ठाऊक होण्याचें एरवीं कांहींच कारण नव्हतें. तें कारण त्याच्या जागेनें निर्माण केलें. पठाराच्या या कांठावरून आमियें शहर नजरेच्या टप्प्यांत येतें, आणि आमियें हें त्या काळीं इंग्रज व फ्रेंच सैन्यांच्या रेल्वेचें मोठें नाकें होतें. ज्याच्या हातीं हें गांव, त्याच्या तोफा त्या नाक्यावर.

१९१८ च्या मार्च महिन्याच्या २१ तारखेस जर्मनांनीं पश्चिम आघाडीवर आपली शेवटची मोठी चढाई सुरू केली. एप्रिलच्या आरंभीं ती या गांवाच्या वेशीपाशीं कशीबशी थोपविली गेली. परंतु २४ एप्रिलच्या पहांटे विषारी वायु, तोफा व रणगाडे घेऊन जर्मन पुन्हां आले आणि त्यांनीं गांव घेतलें. रणगाड्याची रणगाड्याशीं पहिली झुंज त्याच दिवशीं जवळच्या काशी गांवाच्या शिवारांत झाली. ज्यांस युद्धशास्त्राची गोडी आहे त्यांस ती अन्यत्र वाचावयास मिळेल. आमच्या विषयाशीं संबंध आहे तो त्या रात्रीचा.

गांव परत घेण्याचें काम ऑस्ट्रेलियाच्या दोन ब्रिगेडांवर आलें. एकीचे नायक इलियट आणि दुसरीचे ग्लासगो. ग्लासगो यांस वरून आज्ञा होती ती रात्रीं आठ वाजतां हल्ला चढविण्याची. त्या प्रदेशांत एप्रिलअखेर आठ वाजतां संधिप्रकाश असतो. अशा उजेडांत उघड्या पठारावरून माणसें नेणें म्हणजे त्यांस जाणूनबुजून मृत्यूच्या दाढेंत लोटणें, असें त्यांनीं वरिष्ठांस सुनावलें आणि वेळ दहाची करून घेतली. सैन्यांत वरिष्ठांपुढें असें बोलणारा अधिकारी किती माणसें वांचवितो याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. शत्रु सावध होऊं नये म्हणून हल्ल्यापूर्वीं तोफांचा नेहमींचा भडिमारही करण्यांत आला नाहीं. एक ब्रिगेड उत्तरेकडून आणि एक दक्षिणेकडून अशी अंधारांत गांवाला वळसा घालून गेली. मधल्या गांवांत कांहीं इंग्रज पलटणी घुसल्या, आणि घरांघरांतून व तळघरांतून झुंज चालली. उजाडलें तेव्हां २५ एप्रिल ही तारीख होती. बरोबर तीन वर्षांपूर्वीं, १९१५ सालीं याच तारखेस, ऑस्ट्रेलियाचे व न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानांत गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले होते, आणि तेव्हांपासून हा दिवस ऑस्ट्रेलियांत पितृपक्षांतील तिथीसारखा पाळला जात होता. गांव परत मिळालें, परंतु गांव असें तेथें फारसें उरलें नव्हतें. जुनी शाळाही त्या राडारोड्यांत गेली होती.

आतां दृष्टि दुसऱ्या गोलार्धाकडे वळवावयास हवी. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या त्या वेळीं पन्नास लाखांच्या आंत होती. त्यांतून चार लाखांहून अधिक पुरुष सैन्यांत भरती झाले आणि साठ हजारांच्या वर मेले. सक्तीच्या भरतीचा प्रश्न १९१६ व १९१७ सालीं दोनदां लोकमतास घातला गेला आणि दोन्ही वेळां लोकांनीं ती नाकारली; म्हणजे गेलेले सारे आपण होऊन गेले होते. मेलेल्यांस जेथें पडले तेथेंच पुरावें, कोणाचाही देह मायदेशीं आणूं नये, असा साम्राज्य सरकारचा नियम होता. राजपुत्रास व शेतकऱ्यास एकच न्याय, या दृष्टीनें तो योग्यच म्हणावा लागेल. पण दहा हजार मैलांवरच्या घरांत त्याचा अर्थ काय झाला? दारांत एक पाद्री येऊन उभा राही आणि बातमी सांगे. पुढें ना प्रेत, ना अंत्यविधि, ना थडगें. तें पाहण्यास जावें तर आगबोटीनें सहा आठवडे लागत आणि एवढा पैसा सामान्य संसारांत नसे.

अशा घरांतलें दुःख कोठें जाऊन सांठतें याचें एक उदाहरण देण्याजोगें आहे. व्हिक्टोरिया प्रांतांतील कटल कुटुंबाचा रॉबिन हा मुलगा विमानदळांत होता. १९१८ च्या मे महिन्यांत व्हिलेर-ब्रेतोनोपासून जवळच्याच आकाशांत तो पडला. पुढें मरी नदीच्या कांठीं नवी वसाहत होत होती, तिला त्याच्या आईबापांनीं 'रॉबिनवेल' असें नांव दिलें. लॅटिन भाषेंत 'वाले' म्हणजे निरोप, आणि इंग्रजींत 'वेल' म्हणजे दरी. ज्यांस ठाऊक नाहीं त्यांस तें रॉबिनची दरी वाटावें, आणि ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं 'रॉबिन, येतों आम्ही' असें वाचावें. गांवाच्या नांवांत मुलाचा निरोप दडवून ठेवणाऱ्या या आईबापांची गोष्ट वाचून आमचें मन कांहीं वेळ दुसरीकडे लागलें नाहीं.

युद्ध संपल्यावर इंग्लंडांतील व वसाहतींतील शहरांनीं फ्रान्समधील उद्ध्वस्त गांवें मदतीसाठीं दत्तक घ्यावीं, अशी एक चळवळ निघाली. तींत मेलबोर्न शहरानें व्हिलेर-ब्रेतोनोचें पालकत्व पत्करलें. त्यांत योग होता. इलियट यांच्या ब्रिगेडमधील चारही पलटणी व्हिक्टोरिया प्रांतांत उभारलेल्या होत्या. मेलबोर्न ही त्याच प्रांताची राजधानी. प्रांताच्या शिक्षणखात्याचे मुख्य त्या वेळीं फ्रँक टेट हे होते. १९०२ पासून १९२८ पर्यंत त्यांनीं तें खातें चालविलें. युद्ध चालूं असतांनाच प्रांतभरच्या शाळांतून युद्धसाहाय्याचा निधि गोळा होत असे. मुलें भाजीपाला लावून विकीत, मोजे विणीत, पेनी पेनी जमवून आणीत. याच निधींतून व मुलांच्या देणग्यांतून व्हिलेर-ब्रेतोनोच्या मुलांस शाळा बांधून द्यावी असें ठरलें.

हें सारें स्वखुशीचें दान होतें असें छातीला हात लावून आम्ही म्हणणार नाहीं. मास्तरांनीं पेटी पुढें केली असतां 'नाहीं' म्हणणारा मुलगा विरळा, हें आपल्याकडील फंडांच्या दिवसांवरून कोणीही ताडावें. शिवाय, ज्या घरांत कमावता पुरुष परतला नाहीं त्या घरच्या मुलाची पेनी परदेशच्या शाळेस कशाला, असेंही एखाद्या व्यवहारी आजीच्या मनांत आलें असेल, आणि तिला आम्ही दोष देणार नाहीं. पण याच ठिकाणीं या स्मारकाचें वेगळेपण आहे. आपल्याकडे श्राद्धांत आपण काय करितों? पितरांच्या नांवानें जेवूं घालतों तें दुसऱ्यांस. पितर स्वतः येऊन जेवीत नाहींत. ज्या मुलांस बापाच्या थडग्यावर फूल वाहतां येत नव्हतें, त्यांनीं त्या थडग्याशेजारच्या मुलांस शाळा दिली. पुढें त्या शाळेंतील मुलांनीं जाऊन फूल वाहावें, असा तो न बोललेला व्यवहार होता.

२५ एप्रिल १९२७ रोजीं शाळेचें उद्घाटन झालें. तिचें नांव व्हिक्टोरिया शाळा. नांव ऐकून वाचकांस महाराणीची आठवण होईल, परंतु येथें तें देणाऱ्या प्रांताचें आहे. शाळेपुढच्या रस्त्यासही व्हिक्टोरियाचेंच नांव आहे, आणि गांवांत एक मेलबोर्न रस्ताही आहे. इमारत लाल विटांची, भरभक्कम, त्या भागांतील शाळांसारखीच. दर्शनी भिंतीवरील फलकावर म्हटलें आहे कीं, ही इमारत व्हिक्टोरियाच्या शाळकरी मुलांची या गांवच्या मुलांस भेट आहे. त्या मुलांच्या बापांपैकीं व भावांपैकीं बाराशें जणांनीं हें गांव सोडवितांना प्राण दिले असून ते येथें जवळच विसावले आहेत. शाळेंतील मोठ्या दालनाला लांकडी कोरीव काम आहे, तें ऑस्ट्रेलियांतून आलेलें. डेल्सफर्ड येथील तंत्रशाळेंत तें तयार झालें. कांगारू वगैरे तिकडचे प्राणी त्यांत कोरलेले आहेत. ज्या मुलांनीं आयुष्यांत कधीं समुद्रही पाहिला नसेल त्यांच्या डोळ्यांपुढें लहानपणापासून कांगारू असावा, ही कल्पना ज्या कोणाची असेल तो शिक्षक खरा.

वर्गांतून फळ्याच्या वरतीं एक फ्रेंच वाक्य लिहिलेलें आहे, आणि खेळण्याच्या अंगणांत मोठमोठ्या अक्षरांत एक इंग्रजी वाक्य. दोन्हींचा अर्थ एकच समजला जातो, पण तो तंतोतंत एक नाहीं, आणि हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी वाक्य म्हणतें, 'ऑस्ट्रेलियाला विसरूं नका.' फ्रेंच वाक्य म्हणतें, 'ऑस्ट्रेलियाला आपण कधींही विसरूं नये.' एकांत सांगणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा. दुसऱ्यांत सांगणारेही आपणच आणि ऐकणारेही आपणच. देणगी देणाऱ्याची भाषा इंग्रजी. पण 'आपण' आला तो घेणाऱ्यांच्या भाषेंत. उपकाराचें ओझें मुलांच्या डोक्यावर पिढ्यान् पिढ्या लादणें बरें नव्हे, असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही एरवीं सहमत झालों असतों. पण येथें तें ओझें ज्यांचें त्यांनींच उचललेलें दिसतें.

फलकावर जें नाहीं त्याचाही उल्लेख केला पाहिजे. त्या दोन-तीन दिवसांत या गांवाभोंवतीं इंग्रज सैनिक ऑस्ट्रेलियनांहून अधिक संख्येनें कामास आले. फ्रेंचांच्या बाजूनें मोरोक्कन डिव्हिजन लढली, आणि जर्मन मेले ते हजारांनीं. शाळेच्या भिंतीला त्यांची नांवें ठाऊक नाहींत. जो आठवण ठेवण्याची व्यवस्था करतो त्याचीच आठवण राहते, हा जगाचा न्याय आहे. आमच्या गांवांतील ते दोन आंकडे असलेले दगड हेंच सांगतात. तर्पण करतांना मात्र ज्यांस कोणी नाहीं अशांसही आपण पाणी देतों.

मुलांची शाळा उघडली त्याच वर्षीं, १९२७ च्या ऑक्टोबरांत, उत्तर फ्रान्समध्येंच नव-शापेल येथें हिंदी सैनिकांच्या स्मारकाचेंही उद्घाटन झालें. तेथें ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें आहेत. त्यांच्या नांवानें मात्र कोणी तेथल्या मुलांस शाळा दिली नाहीं. हिंदुस्थानच्या मुलांच्या हातीं तेव्हां तें नव्हतें.

व्हिलेर-ब्रेतोनोच्या टेंकाडावर ऑस्ट्रेलियाचें मोठें राष्ट्रीय स्मारकही झालें. त्याची आंखणी सर एडविन ल्यूटेन्स यांची. दिल्लीच्या इंडिया गेटचे शिल्पकार तेच. ज्यांचे देह सांपडले नाहींत अशा दहा हजारांहून अधिक सैनिकांचीं नांवें त्याच्या भिंतींवर आहेत. २२ जुलै १९३८ रोजीं सहाव्या जॉर्ज बादशहांच्या हस्तें, फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या समक्ष, तें खुलें झालें. दोन वर्षेंही झालीं नाहींत तोंच, १९४० च्या उन्हाळ्यांत, जर्मन पुन्हां आले. शाळा उघडली तेव्हां सहा वर्षांचा जो मुलगा पहिल्या वर्गांत बसला असेल, तो आतां एकोणीस वर्षांचा होता. 'विसरूं नये' हें वाक्य ज्यानें रोज वाचलें त्याच्या नशिबीं तेंच प्रत्यक्ष पाहणें आलें. त्या वेळच्या माऱ्यांत टेंकाडावरील मनोऱ्यास गोळ्या लागल्या, आणि त्यांचे व्रण अद्याप राखून ठेवलेले आहेत.

अलीकडे, २०१८ सालीं, त्या स्मारकामागें जमिनीखालीं सर जॉन मोनॅश यांच्या नांवाचें एक माहितीकेंद्र उघडण्यांत आलें. त्यास सुमारें दहा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च आला. तेथें पडद्यांवर लढाया दिसतात, आवाज घुमतात, आणि दरवर्षीं एप्रिलच्या २५ तारखेस पहांटे हजारों ऑस्ट्रेलियन त्या टेंकाडावर येऊन उभे राहतात. त्या केंद्राचा खर्च वाया गेला असें आम्ही म्हणत नाहीं. पण पाहुणा वर्षांतून एकदां येतो. शाळेंतील मूल रोज येतें. शाळेच्याच वरच्या मजल्यावर १९७५ सालीं गांवकऱ्यांनीं एक लहानसें संग्रहालय केलें, आणि १९८४ सालीं त्यांनीं भगिनीगांव म्हणून जोडलें तें दुसरें कोणतेंही शहर नव्हे, तर निरोपाचें नांव वागविणारें रॉबिनवेल. १९९३ सालीं, ऑस्ट्रेलियानें आपल्या एका अनाम सैनिकास मायदेशीं नेण्याचें ठरविलें, तेव्हां तो देह या गांवाजवळच्याच एका दफनभूमींतून उचलण्यांत आला, आणि ११ नोव्हेंबर रोजीं कॅनबेऱ्यास राष्ट्रीय युद्धस्मारकांत ठेवला गेला. पंचाहत्तर वर्षांनीं एका मुलास घरीं नेलें. तो कोणाचा, हें कोणासच ठाऊक नाहीं, म्हणून तो सर्वांचा.

श्राद्धाच्या संकल्पांत आपण तीन पिढ्यांचा उच्चार करितों: बाप, आजा, पणजा. त्यापलीकडील पितर सामान्य पितरांत मिळून जातात. १९१८ सालीं पडलेल्यांच्या नात्यानें पाहिलें तर व्हिक्टोरिया शाळेंतील आजचीं मुलें या मर्यादेच्याही पलीकडचीं, आणि तींही परक्या रक्ताचीं. त्या सैनिकांस पाहिलेलें एकही माणूस गांवांत आतां उरलें नाहीं. तेव्हां आठवण राहिली आहे कीं केवळ फळ्यावरचें वाक्य राहिलें आहे, हा प्रश्न रास्तच होता. त्याचा थोडा उलगडा २००९ सालीं झाला.

त्या वर्षीं ७ फेब्रुवारी रोजीं व्हिक्टोरिया प्रांतांत भयंकर वणवे पेटले. १७३ माणसें मेलीं. मेलबोर्नच्या ईशान्येस स्ट्रॅथेवेन नांवाचें एक लहानसें खेडें आहे. एकट्या त्या खेड्यांत २७ माणसें दगावलीं, आणि प्राथमिक शाळा जळून राख झाली. बातमी फ्रान्समध्यें पोहोंचली तेव्हां व्हिलेर-ब्रेतोनोच्या लोकांनीं आपल्या गांवांत वर्गणी गोळा केली, आणि ती स्ट्रॅथेवेनची शाळा पुन्हां बांधण्यासाठीं पाठवून दिली. शाळा आतां उभी आहे.